कुंपणातले मोकळे रान

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आधी उंट उभा राहतो आणि त्याच्या मागे वाळूच्या टेकड्या. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात जाणाऱ्याने ही दोन्ही चित्रे मुंबईच्या विमानतळावरच सोडून द्यावीत हे बरे. तिथले सोनोरन वाळवंट काटेरी खरे, पण चांगले हिरवट आहे. हिरव्या खोडाची पालो व्हर्डीची झाडे, मेस्कीटची झुडपे, आणि मध्येच दोन-तीन मजली घराएवढे उंच सग्वारो निवडुंग, वाहतूक पोलिसासारखे हात वर करून उभे. या सग्वारोला पहिला हात फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षे लागतात, आणि रानात तो उगवतो तो याच एका वाळवंटात. फिनिक्स हे इथले मोठे शहर. पुण्यात एखाद्या बऱ्यापैकी जुलै महिन्यात जेवढा पाऊस पडतो, तेवढा इथे सबंध वर्षात पडला तरी लोक समाधानी असतात.

अशा मुलखात मुलांना घेऊन काय पाहावे? ग्रँड कॅन्यनची वर्णने आमच्या वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. त्यात आणखी भर घालण्याचा माझा विचार नाही. मी सांगणार आहे ते कुत्र्यांच्या बागांविषयी. तिकडे त्यांना डॉग पार्क म्हणतात. जिथे कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा सोडून त्याला मनसोक्त हुंदडू देतात, अशी ही कुंपण घातलेली सार्वजनिक जागा. फिनिक्स ज्या मॅरिकोपा जिल्ह्यात येते तिथे कुत्र्याला पट्ट्याशिवाय रस्त्यावर आणणे बेकायदा आहे. तीन महिन्यांवरच्या प्रत्येक कुत्र्याला रेबीजची लस टोचून घ्यावी लागते आणि जिल्ह्याचा परवाना काढावा लागतो. त्याचा बिल्ला गळपट्ट्याला लटकत असतो. मग बिचाऱ्याने धावायचे कुठे? या प्रश्नातून अशा बागा निघाल्या. कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावी १९७९ साली सुरू झालेली ओलोनी डॉग पार्क ही अमेरिकेतली अशी पहिली बाग समजली जाते. आज त्या देशात बहुतेक प्रत्येक मोठ्या शहरात त्या आहेत.

आमचा त्यांच्याशी संबंध आला तो २०२५ च्या दिवाळीच्या सुटीत. आमची मुलगी आणि जावई फिनिक्सच्या आग्नेयेला असलेल्या चँडलर गावी राहतात. तिथे पुष्कळ मराठी मंडळी आहेत. कुणी चिप बनवणाऱ्या कारखान्यात, कुणी बँकांच्या संगणक-खात्यात. मी आणि सौ. निघालो, तेव्हा मुलाचा मुलगाही सुटी असल्यामुळे बरोबर घेतला. वय वर्षे आठ. आत्याकडे जायचे म्हणून स्वारी महिनाभर आधीपासून हवेत होती. मात्र एक अडचण होती, आणि ती साधीसुधी नव्हती. आत्याच्या घरी मोती होता.

मोती म्हणजे प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणलेला, तपकिरी रंगाचा, कुठल्याच एका जातीचा नसलेला कुत्रा. माझ्या लहानपणी गावच्या घरी मोती होता, त्याच्या गोष्टी ऐकून अकरा वर्षांच्या नातीने हे नाव ठेवलेले. आणि पुण्याच्या नातवाला दोन वर्षांपूर्वी घराच्या बोळाच्या तोंडाशी भटका कुत्रा चावला होता. पोटरीवरची जखम लवकर भरली. दंडात पाच सुया झाल्या, म्हणजे पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. सौ. त्याला धीर देताना म्हणायची, “आमच्या वेळी पोटात चौदा घ्यावी लागत.” ते खरेच होते, मेंदूच्या पेशींपासून बनवलेली ती जुनी लस आपल्याकडे २००५ च्या सुमारास बंद झाली. पण चौदांचा आकडा ऐकून पोराला धीर कसला येणार! सुया संपल्या, भीती तेवढी राहिली. कुत्रा दिसला की हा किंचाळायचा आणि पळत सुटायचा. शाळेत जाताना त्याच्यासाठी वळसा घालावा लागे. आम्ही निघण्याच्या दोन महिने आधी दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांचे प्रकरण गाजत होते. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने ती सगळी उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला आणि २२ ऑगस्टला तो बदलून, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता बाकीची नसबंदी व लस करून मूळ जागी सोडावीत, असे सांगितले. घरोघरी त्यावर वाद झाले. आमच्या घरी वाद घालण्याची गरजच नव्हती; आमचा नातू पहिल्या आदेशाच्या बाजूने होता.

चँडलरला पोचल्यावर पहिले तीन दिवस मोती गॅरेजच्या बाजूला आणि नातू माडीवर, अशी घराची फाळणी झाली. जेवायला खाली यायचे तर आधी “मोती बांधला का?” अशी वरून चौकशी होई. चौथ्या दिवशी नातीने सूत्रे हाती घेतली. ती म्हणाली, “आजोबा, ह्याला झाड व्हायला शिकवलं पाहिजे.”

हे झाड होणे म्हणजे तिकडे शाळेतल्या मुलांना शिकवतात तो धडा. अनोळखी कुत्रा जवळ आला की पळायचे नाही, ओरडायचे नाही. पाय रोवून उभे राहायचे, हात अंगासरशी धरून पुढे गुंफायचे आणि नजर आपल्या पायांकडे लावायची. पळणाऱ्यामागे धावणे हा कुत्र्याचा जन्मजात स्वभाव. उभ्या झाडात त्याला काही गोडी वाटत नाही. तो हुंगतो आणि निघून जातो. नातीने हा धडा दिवाणखान्यात घेतला. कुत्र्याची भूमिका तिने स्वतः केली, आणि इतकी मन लावून केली की सौ.च्या नव्या साडीचा काठ निसटता वाचला. नातू झाड झाला. त्याची पालवी मात्र बराच वेळ थरथरत होती.

झाड पक्के उभे राहू लागल्यावर बागेचा बेत ठरला. पण वाळवंटात कुत्र्याला फिरायला न्यायचे तर आधी घड्याळ पाहावे लागते. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइटला, म्हणजे आपल्या ४३ अंशांना, पोचला किंवा वर गेला होता. अशा दिवसांत डांबरी रस्ता ७० अंशांच्या आसपास तापतो. रस्त्यावर पडून भाजलेली माणसे दर उन्हाळ्यात तिथल्या इस्पितळात येतात. मग कुत्र्याच्या उघड्या तळव्यांचे काय होत असेल? जावईबापूंनी नियम सांगितला: हाताची पाठ रस्त्यावर टेकवून सात सेकंद धरवली नाही तर कुत्र्याला बाहेर काढायचे नाही. फिनिक्स नगरपालिकेनेही २०१६ पासून, पारा १०० अंश फॅरनहाइटवर गेला की डोंगरवाटांवर कुत्रे न्यायला बंदी घातली आहे. ऑक्टोबरात तेवढी काहिली नसली तरी दुपारचे ऊन चांगलेच लागते. त्यामुळे आमची सारी कुत्रेयात्रा सकाळी सूर्य डोंगरामागून डोकावण्याच्या सुमारास किंवा दिवेलागणीला होई. रोज निघण्यापूर्वी नातू वाकून रस्त्याला हात लावी आणि मोठ्याने सात आकडे मोजी. कुत्र्याच्या कामात त्याने घेतलेला हा पहिला भाग. अर्थात मोती तेव्हा पट्ट्यासकट रस्त्याच्या पलीकडे असे.

पहिली बाग पाहिली ती स्कॉट्सडेलची शॅपरल पार्क. ही जागा इंडियन बेंड वॉश नावाच्या कोरड्या ओढ्याच्या काठी आहे. वाळवंटातला ओढा वर्षभर कोरडा असतो आणि पाऊस पडला की घटकाभरात गाव वाहून नेतो. १९७२ च्या जूनमध्ये इथे असा मोठा पूर आला होता. सरकारी अभियंत्यांची योजना ओढ्याचा सिमेंटचा नाला करण्याची होती. गावकऱ्यांनी हट्ट धरून तिथे अकरा मैलांचा हिरवा पट्टा करून घेतला. तळी, गवत, सायकलींच्या वाटा; पूर आला तर पाणी गवतावरून निघून जाते, एरवी माणसे फिरतात. त्या हिरवाईतच कुत्र्यांचे कुंपण आहे.

आत शिरायला दोन फाटके असतात, आणि त्यांच्यामध्ये वाड्याच्या देवडीसारखी लहानशी जागा. बाहेरचे फाटक उघडायचे, आत यायचे, ते लावायचे, कुत्र्याचा पट्टा सोडायचा आणि मग आतले फाटक उघडायचे. दोन्ही फाटके एका वेळी उघडी ठेवायची नाहीत. आतल्या जागेचे भाग पाडलेले होते: एक दांडग्या कुत्र्यांसाठी, एक शांत प्रकृतीच्यांसाठी, आणि एक भाग गवताला विसावा म्हणून बंद. उन्हाळ्याचे गवत थंडीत झोपी जाते, म्हणून ऑक्टोबराच्या सुमारास तिथे थंडीच्या गवताचे बी पेरतात. ते रुजेपर्यंत त्यावर ना कुत्र्याने जायचे ना माणसाने. पाण्याचे नळ कुत्र्यांच्या उंचीचे. खांबावर पिशव्यांची गुंडाळी. ज्याच्या कुत्र्याने घाण केली त्याने ती उचलायची. सुटाबुटातला एक गृहस्थ पिशवीत हात घालून हे काम इतक्या सहजपणे करताना पाहिला, की आमच्या सोसायटीच्या सभेत त्याला व्याख्यानाला बोलवावे असे सौ.ला वाटले.

फाटकावर मुलांसाठीही नियम असतात, आणि ते वाचूनच आत जावे. गावागावांत ते थोडे निराळे. काही बागांत फार लहान मुलांना सोडतच नाहीत. एकंदर सार असे: मुलाने मोठ्या माणसाच्या हाताशी राहावे. धावू नये. खाऊ, खेळणी आत नेऊ नयेत. मालकाला विचारल्याशिवाय कुणाच्या कुत्र्याला हात लावू नये, आणि मालकाने हो म्हटले तरी कुत्र्याला आधी हुंगू द्यावे. ज्या आईबापांना मुले मोकळी सोडायची आहेत त्यांनी शेजारची घसरगुंडीची बाग गाठावी, हे उत्तम. डॉग पार्कमध्ये मोकळीक कुत्र्याची असते. मूल तिथे पाहुणे.

त्या दिवशी नातू कुंपणाबाहेर आजीच्या पदराशी उभा राहिला. जाळीत बोटे अडकवून तो तासभर पाहत होता, आणि नात आतून समालोचन करत होती. “तो बघ, पुढचे पाय खाली टेकवून मागचा भाग वर केला ना? म्हणजे ‘चल, खेळू’ म्हणतोय.” “त्या काळ्याची शेपूट हलतेय, पण अंग बघ कसं ताठ आहे. त्याच्या वाटेला जायचं नाही.” “ती जांभई देतेय ना, ती झोपेची नाही. घाबरलीय ती.” हे शेवटचे वाक्य ऐकून नातवाने मान वर केली. कुत्रेही घाबरते, ही बातमी त्याला नवीन होती.

दुसऱ्या खेपेला आम्ही फिनिक्स शहरातल्या स्टील इंडियन स्कूल पार्कमध्ये गेलो. तिथेही कुत्र्यांसाठी कुंपण आहे. पण त्या जागेचे नाव मला अडकवून ठेवत होते, आणि खुलासा नातीनेच केला. शाळेत शिकली होती. १८९१ ते १९९० अशी जवळजवळ शंभर वर्षे इथे सरकारी निवासी शाळा होती. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची मुले आईबापांपासून दूर आणून इथे ठेवीत. सुरुवातीच्या काळात त्यांचे केस कापत, कवायत करवून घेत, स्वतःची भाषा बोलू देत नसत. आपल्या लोकांचे वळण त्यांच्या अंगातून जावे, हाच हेतू. पुढे शाळा बंद झाली आणि त्या जमिनीवर ही बाग झाली. जुन्या इमारतींपैकी तीन अजून उभ्या आहेत. नातवाने विचारले, “त्यांना आजोबांकडे जाता यायचं का?” नात म्हणाली, “वर्षानुवर्षं नाही.” दोघेही थोडा वेळ गप्प बसली. मोती कुंपणात आनंदाने गोल गोल पळत होता आणि आम्ही त्या जुन्या विटांकडे पाहत होतो. कुंपण तेवढेच उंच असते. ते कोण घालतो आणि आतल्याच्या सुखासाठी घालतो की स्वतःच्या सोयीसाठी, यावर त्याचा अर्थ ठरतो. मुलांना हे सांगण्याची मला गरज वाटली नाही. त्या दिवशी नातू देवडीपर्यंत आला, आणि आत जाणाऱ्या मोतीचा पट्टा त्याने दोन बोटांनी, लांबून का होईना, सोडवला.

यात्रेतली तिसरी बाग म्हणजे चँडलरच्या शेजारच्या गिल्बर्ट गावातली कॉस्मो डॉग पार्क. कॉस्मो हे गिल्बर्टच्या पोलीस दलातल्या कुत्र्याचे नाव. माणसांचे पुतळे आणि नावे पाहून कंटाळलेल्या माणसाला हे वाचून बरे वाटते. या बागेत कुत्र्यांसाठी खास तळे आहे. रविवारी संध्याकाळी तिथे जे दृश्य दिसते ते आपल्या घाटावरच्या पर्वणीची आठवण करून देते. लहान-मोठी, केसाळ-बिनकेसाळ, सगळी जात पाण्यात. काठावर येऊन प्रत्येकजण अंग झाडणार आणि चारचौघांना आंघोळ घालणार. कोरडे राहण्याची इच्छा असणाऱ्याने तिथे जाऊ नये.

मनात मात्र प्रश्न येतोच: वाळवंटात कुत्र्यांना पोहायला पाणी येते कुठून? या खोऱ्यात होहोकाम लोकांनी इंग्रजांच्या किंवा स्पॅनिशांच्या पुष्कळ आधी शेकडो मैलांचे कालवे खणले होते. पंधराव्या शतकात ती वस्ती ओसरली. १८६७ नंतर नव्या वसाहतकारांनी तेच कालवे उकरून शेती सुरू केली, आणि जुन्या गावाच्या राखेतून नवे गाव उठले म्हणून त्याला फिनिक्स हे नाव दिले. १९११ साली रूझवेल्ट धरण झाले. पुढे कोलोरॅडो नदीचे पाणी ३३६ मैलांच्या कालव्याने आणले. पण ती नदीही आता थकली आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये तिच्यावर प्रथमच सरकारी टंचाई जाहीर झाली आणि पुढच्या वर्षी ॲरिझोनाच्या वाट्यातले सुमारे १८ टक्के पाणी कमी झाले. म्हणून नातीचे घरातले नियम कडक आहेत. कुत्र्याच्या वाडग्यातले उरलेले पाणी झाडाला घालायचे, आणि नळ उघडा टाकणाऱ्याला, तो पुण्याचा पाहुणा असला तरी, ओरडा बसतो.

वाळवंटातले आणखी काही धडे इथे सांगून ठेवतो, कारण परदेशी मुलाबाळांकडे जाणारे वाचक पुष्कळ आहेत. चोया नावाच्या निवडुंगाचे बोंड नुसते अंग घासले तरी चिकटते. ते हाताने ओढू नये, फणीने उडवावे. म्हणून जावईबापूंच्या खिशात कायम फणी असते, आणि त्यांच्या डोक्याकडे पाहून तिचा उपयोग काय असे कुणी विचारू नये. पावसाळ्यात बाहेर पडणारा मोठा सोनोरन बेडूक कुत्र्याने तोंडात धरला तर त्याचे विष जिवावर बेतते. तोंड पाण्याने बाहेरच्या बाजूला धुऊन तडक डॉक्टर गाठावा. मातीतल्या बुरशीची धूळ श्वासात जाऊन व्हॅली फीव्हर नावाचा आजार होतो, तो माणसांना आणि कुत्र्यांना सारखाच; तेव्हा धुळीचे वारे सुटले की घरात बसावे. रानवाटेवर खुळखुळ्यासारखी शेपटी वाजवणारे साप आणि लांडग्या-कोल्ह्यांचा भाऊबंद कोयोटी असतात. हे सगळे ऐकल्यावर कुंपणाची किंमत कळते.

कॉस्मोच्या बागेत नातू प्रथमच आत आला. एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला मी. दहा पावले गेलो असू, एवढ्यात एक भिजलेला, थोराड, तोंडावर पांढरे केस आलेला कुत्रा सरळ आमच्याकडे चालत आला. नातवाचा माझ्या हातातला हात घट्ट झाला. मग त्याने तो सोडवून घेतला. दोन्ही हात पुढे गुंफले. मान खाली. झाड झाला. कुत्र्याने त्याचे बूट हुंगले, गुडघा हुंगला, आणि मग, बहुधा म्हातारपणी उभे राहून दमल्यामुळे, त्याच्या पायाला टेकून खाली बसला. त्याच्या मालकिणीने लांबून हसून विचारले, “चालेल ना?” आत्याने नातवाकडे पाहिले. तो हलला नाही, ओठांतल्या ओठांत म्हणाला, “आत्या, तो जांभई देत नाहीये ना?”

“नाही रे. मजेत आहे.”

“मग बसू दे.”

तो कुत्रा पाच मिनिटे बसला. तेवढा वेळ आमचे झाड उभे होते. त्याची विजार भिजली, बुटात पाणी गेले. पण पालवी थरथरली नाही.

त्याच आठवड्यात लक्ष्मीपूजन आले. ॲरिझोनाच्या कायद्यात दिवाळीचे नाव घेऊन फटाक्यांना ठराविक दिवस मोकळीक दिली आहे, त्यामुळे मराठी-गुजराती घरांपुढे थोडी आतषबाजी झाली. पहिल्या बाराला मोती जेवणाच्या टेबलाखाली गेला आणि जांभयांवर जांभया देऊ लागला. नातवाने आपली फुलबाज्यांची पेटी बहिणीकडे दिली आणि टेबलाजवळ, अंतर राखून, मांडी घालून बसला. “मी इथेच आहे,” असे त्याने मोतीला मराठीत सांगितले. मोतीला मराठी येतेच.

आता पुण्याची गोष्ट. इथे ना कुंपण, ना देवडी, ना गळ्यात बिल्ला. कुत्र्याने दुरून नुसते हुंगले तर ठीक. पण दात किंवा नख लागले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची, याला पर्याय नाही. अमेरिकेतून कुत्र्यांच्या जातीचा रेबीज हटल्याचे २००७ साली जाहीर झाले. तो हटला लसीमुळे, परवान्यामुळे, पट्ट्यामुळे. आपल्याला तो पल्ला गाठायचा आहे, आणि झाड होऊन तो गाठता येणार नाही, हे मी नातवालाही सांगितले आहे.

तरीही परवा सकाळी मी गॅलरीतून पाहत होतो. शाळेची पिशवी पाठीवर घेऊन तो बोळाच्या तोंडाशी आला. तिथे तीन कुत्री पसरली होती. त्याने वळसा घेतला नाही. थांबून एकेकाकडे नीट पाहिले. शेपट्या, कान, अंग. मग हात पिशवीच्या पट्ट्यांना धरून, धावता, ओरडता नाही असा, सावकाश त्यांच्या बाजूने निघून गेला. एकाने डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.